लाल वाइन आणि मी घडवलेला समेट

४ फेब्रुवारी, सकाळ
वाइनचा मुलूख बघायला निघालो. थोरला मुलगा, त्याची बायको, धाकटा आणि मी. नवरा गेला त्या दिवशी त्याच्या खाटेशेजारीच हे दोघे भाऊ भिडले होते. धाकट्याचा दात पडला. तेव्हापासून बोलणं बंद. नातवंडंसुद्धा रस्त्यात एकमेकांना ओळख देत नाहीत. दोघांना एका गाडीत कोंबायची आयडिया माझी. दुसरा येतोय हे कुणालाच सांगितलं नाही. गाडीपाशी एकमेकांना बघून दोघांनी मुठी आवळल्या. मी मधे बसले.
संकल्प : समेट घडवल्याशिवाय परतायचं नाही. दारूचा थेंब घ्यायचा नाही. कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. सून सोडून.

संध्याकाळ
खिडकी बंद कर, हेसुद्धा दोघं माझ्यामार्फत सांगतात. मधे एक समजूतदार माणूस लागतोच.
पहिला द्राक्षमळा झाला. तळघरात लाकडी पिंपं. वाढणारी बाई म्हणाली, लाल वाइन तोंडात घोळवायची, चव घ्यायची आणि बादलीत थुंकायची. चांगल्या घरच्या माणसांनी रांगेत उभं राहून थुंकायचं, म्हणे. मी गिळली. सगळ्या ग्लासांतली. प्यायले नाही, टेस्टिंग केलं.

५ फेब्रुवारी
सकाळी डोकं जड. हवा बदलली की होतं.
दुसरा मळा. धाकट्यानं स्वतः एक बाटली निवडली आणि आपणहून थोरल्याच्या ग्लासात ओतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. थोरल्यानं घोट घेतला, घोळवला, मान डोलावली आणि बादलीत थुंकला. रीतच आहे तशी. मी फक्त धाकट्याच्या कानावर घातलं, की तू ओतलेलं तो थुंकला हं. यात खोटं काय?
धाकट्यानं बादली उचलून थोरल्याच्या डोक्यावर उपडी केली. थोरल्यानं त्याची मान धरून तोंड पिंपावर आपटलं. दोनदा. सुनेचा पांढरा शर्ट पार लाल. वाइन किती नि रक्त किती, चाखल्याशिवाय कळलं नसतं. वाढणारी बाई भिंतीला चिकटून उभी. तिला म्हटलं, घाबरू नकोस, घरचीच माणसं आहेत.
आम्हाला बाहेर काढलं. उघडलेली बाटली मी पिशवीत टाकली.
संकल्प : उद्यापासून मधे पडायचं नाही.

६ फेब्रुवारी
नाश्त्याला थोरल्यानं विचारलं, आई, याला माझ्यावर एवढा राग कसला? मी मधे पडणार नव्हते. पण पोटच्या पोरानं विचारल्यावर काय करणार? सांगितलं, तो म्हणतो बाप आजारी असताना तू दवाखान्यात फिरकला नाहीस. धाकटा असं म्हणाला होता, माझ्यादेखत. किती वर्षांपूर्वी म्हणाला ते थोरल्यानं विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.
थोरल्यानं त्याला तिसऱ्या मळ्यात वेलींच्या रांगेत गाठलं. आधाराचा खांब उपटून पाठीत घातला. धाकटा गुडघ्यावर आला, द्राक्षं तोडायची कात्री त्याच्या हाती लागली, ती त्यानं थोरल्याच्या मांडीत खुपसली. मग दोघं द्राक्षांच्या क्रेटवर. पायाखाली नुसता चिखल. मी काठी घेऊन शिरले आणि दोघांना झोडपलं. आईनं भेदभाव करू नये. थोरल्याचं डोकं फुटलं ते बहुतेक माझ्याच काठीनं, पण त्या गर्दीत कोण बघतंय. शेवटी मळेवाल्यानं पाइप आणून कुत्र्यांवर मारतात तसं आम्हा तिघांवर पाणी मारलं.

संध्याकाळ, दवाखाना
डॉक्टरनं दोघांना शेजारीशेजारी बसवलंय. मला आत घेतलं नाही. सून दारात उभी. मी म्हटलं, सरक. ती म्हणाली, आई, तुम्ही बाहेरच बसा. वाचा फुटलीये हिला.
आतून आधी आरडाओरडा. धाकटा म्हणाला, मी हल्ली कधी म्हणालो असं, दादा? थोरला म्हणाला, मग आई खोटं सांगेल का? धाकटा म्हणाला, तुझ्याबद्दल तिनं मला काय काय सांगितलंय ते ऐक. मग बराच वेळ कुजबुज. मग दोघं हसायला लागले. टाके घालताना हसतात म्हणजे मार डोक्यालाच लागलाय.

७ फेब्रुवारी
समेट झाला. मी मनात धरलं ते करून दाखवलं.
दोघं एका टेबलाशी, एकाच बाटलीतून घेत होते. धाकट्याच्या हाताला पट्टी, तर थोरला त्याला ब्रेड तोडून देत होता. मी जाऊन बसले तसं बोलणं थांबलं. गप्पा सुरू व्हाव्यात म्हणून धाकट्याला म्हटलं, तुझी वहिनी तुला काय म्हणते ठाऊक आहे का? त्यानं तिथल्या तिथे हाक मारून विचारलं, वहिनी, काय म्हणालीस गं? ती म्हणाली, काहीच नाही. ज्याचं त्याला तोंडावर विचारायचं, ही कुठली पद्धत? आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.
पुढचे मळे दोघं भाऊच बघणार. मला सून घरी सोडणार.

८ फेब्रुवारी
गाडीत सुनेला दोन्ही भावांबद्दल चार गोष्टी सांगायला घेतल्या. तिनं रेडिओ मोठा केला.
वाटेत थांबलो तेव्हा थोरल्याला फोन लावला. म्हटलं, धाकट्याविषयी जरा बोलायचं होतं. तो म्हणाला, थांब, स्पीकरवर टाकतो, दोघांना एकदमच सांग.
दोघांना एकदम सांगण्यासारखं काही सुचेना. जेवलात का विचारलं. हो म्हणाले.