टाकीवरचा साक्षीदार

१९ जानेवारी, रविवार

हेंद्रेपाड्यातल्या चाळीस बिऱ्हाडांनो, सकाळी नऊला तुमचा नळ फुसफुसतो आणि तुम्ही एकमेकांच्या बादल्या मोजत बसता! — सोसायटीच्या आजच्या सभेत एवढंच म्हणून झालं आणि सेक्रेटरीने घड्याळ दाखवलं. ताई, दोन मिनिटं. दोन मिनिटं! एकतीस वर्षं विमा कंपनीच्या गेटवर युनियनतर्फे बोलले. तिथल्या साहेबांची कधी छाती झाली नाही मला घड्याळ दाखवायची.

सेक्रेटरी म्हणजे यज्ञेश. पस्तिशीचा, लॅपटॉपवर जगणारा. त्याने एक विक्रेता धरून आणला होता. गच्चीवरच्या टाकीला 'स्मार्ट' डबा लावायचा, मग पाणी मोबाइलवर दिसणार. मी विचारलं, डब्यात काय आहे? मॅडम, टेक्नॉलॉजी आहे. म्हणजे काय आहे? तर म्हणे, उघडलात तर वॉरंटी जाते. आणि अख्खी सभा माना डोलावतेय! आत काय आहे ते विचारायचं नाही, बाहेरून हात जोडायचे. यांचे आजोबा देव्हाऱ्यासमोर जे करायचे तेच हे गच्चीवर करणार, आणि स्वतःला शिकलेले म्हणवणार.

मी उठून म्हणाले, डबा मी बनवते. आत काय आहे ते सगळ्यांना उघडून दाखवते.

हसले. हसोत.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर बदलापूर पूर्वेला गेले, सोहम सरांच्या 'रोबोटिक्स' वर्गात. मिठाईच्या दुकानावर खोली. अकरा मुलं, अकरा आया आणि मी.

प्रत्येक मुलाला खोका. खोक्यात गाडी. प्रोग्राम आधीच भरलेला! मुलांनी चार स्क्रू आवळायचे, डोळ्यांचे स्टिकर चिकटवायचे. गाडी भिंतीजवळ जाऊन वळली की आयांनी व्हिडिओ काढायचा. सात-आठ वर्षांच्या एका मुलीने विचारलं, सर, तिला भिंत कळते कशी? सर म्हणाले, सेन्सरने. ती म्हणाली, पण कशी? सर म्हणाले, ते पुढच्या लेव्हलला, बेटा. तेवढ्यात तिच्या आईने तिला कोपराने ढोसलं.

अख्ख्या वर्गात एकच खरा प्रश्न पडला आणि तो कोपराने गप्प केला. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळालं. मलाही देत होते. घेतलं नाही.

२९ जानेवारी, बुधवार

उल्हासनगर कॅम्प ४. सुजितचं दुकान म्हणजे भिंतीतलं कपाट. पुढे मोबाइल दुरुस्ती, मागे सुट्या भागांचे डबे. त्याला म्हटलं, खोका नको, सुटे भाग दे. त्याने चष्म्यावरून बघितलं. 'मॅडम, नातवाचा प्रोजेक्ट है क्या?' म्हटलं, माझा आहे. मग खुर्ची दिली.

पत्त्याच्या अर्ध्या पानाएवढा बोर्ड मिळाला. मधोमध काळी चिप — मायक्रोकंट्रोलर. दोन्ही कडांना पिनांच्या रांगा. कुठल्या पिनेवर वीज आली की काय करायचं ते आपण लिहून चिपमध्ये भरायचं. एवढंच! एवढ्याचं लोकांनी केवढं गूढ करून ठेवलंय.

३१ जानेवारी, शुक्रवार

कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही. शिकवणीच्या व्हिडिओतला पोरगा 'हॅलो मित्रांनो' म्हणतो आणि त्याला लगेच दिसतो. त्या पोराला एकदा सभेत समोर बसवायला हवं.

१ फेब्रुवारी, शनिवार

अजून मुका.

३ फेब्रुवारी, सोमवार

केबल! मी मोबाइलची केबल लावली होती. सुजितने नुसती हातात धरली आणि म्हणाला, ही फक्त चार्जिंगची, हिच्यातून वीज जाते, बोलणं जात नाही. चार दिवस मी एका मुक्या दोरीला शिव्या घालत होते. दोरीवर मात्र 'फास्ट' असं छापलेलं! या देशात न चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तेच छापलेलं असतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवा लागला. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. मी लिहिलं तसं!

तीन वेळा वेग बदलून पाहिला. तिन्ही वेळा ऐकलं त्याने. आयुष्यभर हजारो लोकांना बोलले, पण सांगितलेलं असं जसंच्या तसं कोणी केलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

टाकीवर यंत्र बसलं. टाकीत वरच्या काठाशी बांधलेला, तरंगणारा स्विच. पाणी भरलं की तो वर उचलला जातो, वायरमधून खाली चौथ्या मजल्यावर माझ्या बोर्डाला कळतं आणि बोर्ड वेळ लिहून ठेवतो. म्हणजे पंप कधी चालला ते कुणाला विचारायला नको.

शिडीवर रघु चढला. रघु आमचा वॉचमन, अकरा वर्षं इथे. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पंप तोच लावतो, पंपखोलीची किल्ली त्याच्याकडेच. जिन्याखालच्या खोलीत तो आणि इंदुबाई राहतात. इंदुबाई सहा घरची भांडी करते, त्यात माझंही घर. स्विच त्यानेच बांधला, वायर पाइपाला धरून त्यानेच खाली आणली. मग विचारलं, हे कशापायी? म्हटलं, टाकी कधी भरते ते कळायला. तो म्हणाला, 'ते मी सांगतो की, ताई. खालचीच टाकी अर्ध्याच्या वर भरत नाय. पानीच कमी येतं. मी वर काय चढवू?'

मी म्हटलं, सांगणं वेगळं आणि पुरावा वेगळा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाच दिवसांच्या नोंदी. सकाळी टाकी काठोकाठ भरल्याची एकही नोंद नाही. आणि दुपारी? दोन दहा. दोन चाळीस. तीन पाच. रोज! भर दुपारी, बिल्डिंग झोपलेली असताना टाकी भरतेय. आणि किल्ली एकाकडेच.

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे. तिथे पाण्याचे पिंप. दोन्ही कुंपणांमधून एक काळा पाइपही मी पाहिलाय.

नोंदी तीनदा तपासल्या. दुपारी चोरून टाकी भरायची आणि पाणी तिकडे विकायचं, दुसरा अर्थच निघत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

बोलले. बावीस मिनिटं. आज कोणी घड्याळ दाखवलं नाही.

आधी डबा उघडून सगळ्यांसमोर ठेवला. हा बोर्ड, ही चिप, ही वायर. लपवलेलं काही नाही. मग नोंदी वाचल्या, तारीख आणि वेळ. म्हटलं, मी आयुष्यभर कामगाराच्या बाजूने उभी राहिले, म्हणूनच हे सांगायचा हक्क माझा आहे. माणूस भीड धरतो, माणूस विसरतो, माणूस खोटं बोलतो. ही चिप यातलं काहीच करत नाही.

रघुला उभं केलं. तो एवढंच म्हणाला की दुपारी मी पंप लावलेला नाय. पुरावा? तो काय देणार.

सत्तावीस हात वर. ठराव क्रमांक तीन — पाणीचोरीबद्दल वॉचमनला कामावरून कमी करणे, खोली आठवड्यात रिकामी करून घेणे. यज्ञेशने तिथल्या तिथे लिहून सह्याही घेतल्या. एरवी इतिवृत्ताला या माणसाला तीन महिने लागतात.

हात वर करणाऱ्यांत अर्धे असे, की ज्यांना एलईडी आणि उदबत्ती यांतला फरक कळत नाही. पण पुरावा पाहून हललेली सभा मी खूप दिवसांनी पाहिली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

इंदुबाई आली, माझ्या घराची किल्ली परत द्यायला. किल्ली ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, 'ताई, तुमच्या मशीनला आमचं नाव कुणी सांगितलं?'

मी तिला पुरावा म्हणजे काय ते समजावायला लागले. ती जिना उतरून गेली होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोघं गेली. वांगणीला, तिच्या भावाकडे. गेटवर एजन्सीचा गणवेशवाला माणूस. पंपाची किल्ली सध्या यज्ञेशकडे.

सोहम सरांचा फोन. अठ्ठावीसला विज्ञान दिन, प्रदर्शनाला प्रमुख पाहुण्या म्हणून याल का, तुमच्या मशीनची खूप चर्चा आहे. हो म्हटलं. त्या आयांना दोन शब्द ऐकवायचेच आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

यज्ञेश शुक्रवारी संध्याकाळीच किल्ली खिशात घालून पुण्याला गेला. विसरून! काल दिवसभर पंप बंद, टँकर मागवला तो खालीच बादल्यांनी वाटला. सोसायटीभर बोंब.

आणि बोर्डावर कालच्या नोंदी: दोन बारा. दोन अडतीस. तीन दोन.

आज दुपारी सव्वादोनला स्वतः गच्चीवर गेले. शिडी चढले. या गुडघ्यांनी. टाकीत तळाला वीतभर पाणी. स्विच दोरीवर मेल्यासारखा लोंबतोय.

खाली आले. बोर्ड म्हणतो, दोन चौदाला टाकी काठोकाठ भरली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्या गाडीने कॅम्प ४. दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसले होते. सुजितने मी काढून नेलेलं माझ्या जोडणीचं चित्र बघितलं. फार वेळ लागला नाही. या पिनेला रेझिस्टर कुठाय?

व्हिडिओतल्या चित्रात तो होता. मीच गाळला. तांदळाच्या दाण्याएवढा, बारीक पट्ट्यांचा, आठ आण्यांचा. तो नसतानाही स्विच दाबला की दिवा लागत होता, मग हा कशाला? मला वाटलं, शोभेचा.

सुजित म्हणाला, 'मॅडम, स्विच खुला असला की ही पिन हवेत लटकते. हवेत लटकलेली पिन काय बोलणार? बाजूवाला जे बोलेल तेच.' तो रेझिस्टर पिनेला जमिनीशी, म्हणजे शून्य विजेशी, बांधून ठेवतो. नाही तर लांब वायर जवळपासची वीज पकडते, आणि पिनेला वाटतं आपल्यालाच हाक मारली. त्याने विचारलं, वायरच्या शेजारून काय जातं? दुपारी काय चालू होतं?

परतीच्या वाटेवर आठवून पाहिलं. वायर पाइपाला बांधलेली. पाइपाला लागून माझ्या एसीची बाहेरची पेटी. दुपारी जेवून मी दोन वाजता एसी लावते आणि पडते. पेटी थोड्या थोड्या वेळाने घुर्र करून चालू होते. काल गच्चीवर गेले तेव्हाही एसी चालूच होता.

घरी येऊन लावला. घुर्र झालं. बोर्डाने लिहिलं: टाकी भरली.

माझी वामकुक्षी! पाच दिवस यंत्राने माझी वामकुक्षी नोंदवली आणि मी ती सभेत रघुची चोरी म्हणून वाचून दाखवली. बावीस मिनिटं. डबा उघडून दाखवला म्हणे! उघडला, आणि त्यात काय नाही ते मलाच माहीत नव्हतं. त्या स्टिकर चिकटवणाऱ्या मुलांनी निदान कुणाची खोली रिकामी केली नव्हती.

शेजारचा काळा पाइपही बघून आले. त्यात केबल टीव्हीची वायर आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

यज्ञेशला सगळं सांगितलं. रेझिस्टर हातात ठेवला. त्याने चहा मागवला. मग मोकळेपणाने म्हणाला, 'ताई, एजन्सी आम्हाला सहा महिन्यांपासून आणायची होती. अकरा वर्षांच्या माणसाला काढायला कारण लागतं. तुम्ही इतकं छान बोललात की काम झालं. आता मशीन बरोबर का चूक, कोण बघतंय?' शिवाय इतिवृत्त कायम झालंय, त्यात बदल होत नाही.

कायदा मला शिकवतो! पण त्याच्यावर चिडायला तोंड कुठे आहे? गेटवर उभी राहून ज्यांना मालकाचे भोंगे म्हणायचे, तेच मी झाले. तेही फुकट.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सोहम सरांना कळवलं, येत नाही. प्रकृती? म्हणाले. म्हटलं, नाही, नालायकी.

१ मार्च, शनिवार

वांगणी. रघु एका फार्महाउसवर झाडांना पाणी घालत होता. मला बघून नळी खाली ठेवली, नळ बंद केला, मग जवळ आला. इंदुबाई पडवीतून हलली नाही.

रेझिस्टर, पिन, एसी — सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, 'म्हंजी पंप लागलाच नव्हता.' नाही. 'मी तेच बोललो होतो.'

हो.

म्हटलं, परत चल, मी सभेत सांगते. तो म्हणाला, आता त्या गेटवर नाय बसायचा. इथलं काम बरं आहे, फक्त अजून पक्कं नाही. शेट पुढच्या रविवारी येणार, जुन्या जागी फोन करून चौकशी करणार, मग ठेवायचं की नाही ते ठरवणार. 'आनि तुमच्या वहीत तर चोरी लिवलीय. फोन यज्ञेश सायबच उचलनार.' 'ताई, भाषान नको. ते लिवलंय तेवढं खोडा.'

निघताना इंदुबाईने पाण्याचा तांब्या आणून दिला.

एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सभा बोलवावीच लागते. चाळीस घरं. आठ सह्या.

२ मार्च, रविवार

सकाळी गेटवरच्या फळ्यावर लिहिलं. इथेही उतरवते:

'सभासदहो, पाणीचोरी झालीच नाही. मी वाचून दाखवलेल्या वेळा पंपाच्या नव्हत्या, माझ्या घरातला एसी चालू होण्याच्या होत्या. यंत्र चुकीचं जोडलं मी, चोर ठरवला मी, आणि माझ्या शब्दावर तुम्ही सत्तावीस जणांनी हात वर केले. मूळ पाणीच कमी येतं, हे रघुने सांगितलं होतं, ते कोणी ऐकलं नाही. ठराव क्रमांक तीन रद्द करण्यासाठी शनिवारच्या आत विशेष सभा हवी. मागणीचा कागद खाली टेबलावर आहे. माझी सही झाली आहे. आणखी सात हव्यात. आज पाणी भरून झालं की खाली या आणि सही करा. — पद्मजा, ४०३'