एक डोळा मिटून

१२ जून, गुरु.
रोह्याची मंडळी बघून गेली. मुलगा नीलेश, तिथल्या केमिकल कंपनीत शिफ्टला. माझ्याकडे धड बघेचना, माझ्या बोटांकडे मात्र बघत होता. नखांत पिवळा रंग, दुसरं काय. मला आवडला. का, ते विचारू नये. जाताना दारातून पंजा उताणा करून दोनदा हलवला. म्हणजे 'राहू दे'च ना? आई म्हणते, लाजरा हाय गो.

१४ जून
मूर्तींच्या कारखान्यात लक्ष नाही. गणपतीचे डोळे आखते मी, आणि आज एक चकणा झाला. शेजारची सुमनकाकी म्हणाली, "एक डोळा मिटून बघ की गो." ब्रश हातातच राहिला. डोळे एका पातळीत आहेत का बघायला मी मान कलती करून एक डोळा मिटते. सवयच. पोहे देताना नीलेशचा डावा डोळा जरा वर वाटला होता आणि मी... सगळ्यांसमोर! देवा.

१५ जून
मामाचा फोन. मुलाची आई म्हणते, मुलीने डोळा मारला. मुलगा? "तो काय बोलत नाय." आईने माझ्याशी अबोला धरलाय. बाबा हसले, मग आईकडे बघून पेपरात डोकं घातलं. स्थळ हातचं जाणार. मला रडू आलं.

१७ जून
मामाकडून नीलेशचा नंबर घेऊन मीच फोन केला. सगळं सांगितलं, डाव्या डोळ्यासकट. तो म्हणाला, मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, कंपनीत हातानेच बोलतो आम्ही. तो पंजा म्हणजे 'चालू दे'. काय चालू दे, ते विचारायचं राहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तुम्ही नुसतं माप घेत होतात?"
मी हो म्हटलं. "बरं" म्हणाला, पण आवाज पडलेला. खरं बोलून माती खाल्ली की काय?

२२ जून, रवि.
आज नीलेश अचानक कारखान्याच्या दारात उभा. एकटाच. मी डोळा आखत होते, तेव्हा श्वाससुद्धा धरून ठेवावा लागतो, बोलणार कशी? त्याने तोच पंजा हलवला. चालू दे. काम की...?
ब्रश खाली ठेवला. सुमनकाकी बघत होती, बघू दे. सरळ त्याच्याकडे पाहिलं आणि एक डोळा मिटला. मान कलती न करता. या वेळी माप नव्हतं.
त्याने डाव्या डोळ्यावर हात ठेवला. "अजून वर हाय काय?"
कान मात्र लालबुंद. मी काय समजू?