बोटांतली माती

प्रिय ताई,

फिल्म कुठे अडली, असं तू रोज विचारतेस आणि मी रोज नवी सबब पुढे करतो. सॉफ्टवेअर अपडेट होतंय, दुसरं काम मध्येच घुसलंय, डोळे चुरचुरताहेत. शेवटची सबब तर तू तिथल्या तिथे हाणून पाडलीस. "ढेकळा, डोळे कसले चुरचुरतात, खोटं बोलून तोंड चुरचुरत असेल," म्हणालीस. खरंय तुझं. पण फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस, आणि मला जे सांगायचंय ते सांगताना माझा आवाज धड राहणार नाही, म्हणून हे पत्र. वाचता वाचता भट्टी बघायला उठू नकोस. मी गेले काही दिवस तुझ्या हातांच्या काळजीत आहे.

काम तसं साधं होतं. तुझ्या मातीकामाच्या वर्गासाठी छोटीशी फिल्म, आणि तिच्या शेवटी तुझा तो लाडका शॉट. भांडं झालंय, चाक मंदावतंय, तू हात काढून मागे टेकतेस आणि त्याच्याकडे बघतेस. "हे अगदी हळू हवं, आणि पाण्यासारखं सरकायला हवं, धक्के चालणार नाहीत," असा हुकूम सोडलास. दाजींनी मोबाइलवर हौसेने शूट केलं, ते नेहमीच्या सेटिंगवर. मी ते चौपट मंद केलं आणि कपाळावर हात मारला. मोबाइल सेकंदाला तीस फोटो काढतो असं समज. ते ताणले की एकेक फोटो डोळ्यांसमोर रेंगाळतो आणि हालचाल ठेचकाळत चालते. मग सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, बाबा रे, मधले फोटो तूच बनव. ते बिचारं मागचा बघतं, पुढचा बघतं आणि मधलं मनाने रंगवतं. रस्त्यावरून चालणारा माणूस असला तर निभावून जातं. ओली बोटं आणि फिरणारी माती बघून मात्र त्याची पार त्रेधा उडाली. एका ठिकाणी तुला सहा बोटं फुटली, एका ठिकाणी तुझा अंगठा भांड्यात विरघळला. मी एकटाच खो खो हसत होतो. त्या गोंधळात तुझा डावा हात, जो मांडीवर नुसता टेकलेला होता, तोही थरथरताना दिसला. म्हटलं, हीसुद्धा सॉफ्टवेअरचीच करामत.

म्हणून दाजींना सेकंदाला एकशेवीस फोटोंचं सेटिंग लावून पुन्हा शूट करायला लावलं. खरे फोटोच इतके असले की कुणाला मनाने काही रंगवावं लागत नाही. तर आता सगळं चित्र लुकलुकायला लागलं. तो दोष ट्यूबलाइटचा, साध्या डोळ्यांना तिची उघडझाप कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. तुझा डावा हात मात्र तसाच होता. मी तोही ट्यूबलाइटच्या खात्यावर टाकला आणि तुला ते जड चाक खिडकीशी सरकवायला लावलं. तू माझा उद्धार केलास, तो दाजींनी मला शब्दशः कळवला. तिसऱ्या खेपेला मोबाइल हातात न धरता विटांवर ठेवा म्हटलं, तर दाजींना राग आला. माझा हात हलत नाही, म्हणाले. ताई, त्यांचा हात खरंच हलत नव्हता.

तिसरं शूटिंग इतकं सुरेख आलंय! खिडकीचा उजेड तुझ्या गालावर आहे, चाक लोण्यासारखं फिरतंय, भांड्याच्या काठावरून एक थेंब ओघळतो तो इतका सावकाश की त्याला हाक मारावीशी वाटते. कुठेही धक्का नाही. फक्त डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासतोय, सारखा, एका लयीत. नेहमीच्या वेगाने बघितलं तर वाटतं, तू मातीची गोळी वळते आहेस. तुझी ती सवयच आहे, जेवायला बसलीस तरी बोटांत मातीची गोळी असायची. मी स्वतःला तेच समजावलं आणि कॉम्प्युटर बंद करून बाहेर फिरून आलो. परत आल्यावर पुन्हा तेच बघत बसलो.

तुला आईचा दोरा आठवतो का गं? मशीनवरून उठून आई खुर्चीत बसायची आणि तिची बोटं अशीच चालायची. आपण म्हणायचो, आई सुईसाठी दोऱ्याचं टोक वळतेय. सगळं घर तेच म्हणायचं, आईसुद्धा. कोटाच्या बाह्या वाकड्या शिवल्या जायला लागल्या तेव्हा कुठे तिला डॉक्टरकडे नेलं, आणि ते म्हणाले, हा कंपवात आहे, आधी आणलं असतंत तर औषधांवर आणखी काही वर्षं सहज शिवलं असतं तिने. घरी येताना तू रिक्षात आईचा हात घट्ट धरून ठेवला होतास. तो तुझ्या हातातसुद्धा थांबत नव्हता, असं मला नंतर तूच सांगितलंस.

काल मी चित्र मोठं करून तुझी बोटं बघितली. एका क्षणी ती जराशी उघडतात. ताई, मध्ये माती नाहीये. मी काही डॉक्टर नाही, नुसता दमलेला हात असेल, फार चहा होत असेल, देव करो आणि मी मूर्ख ठरो. पण मला भीती वाटते, खूप वाटते. फिल्म तयार आहे. तेवढा हात मी एका फोटोवर थिजवून टाकला, कुणाला कळणारही नाही इतका तो स्थिर दिसतोय, आणि म्हणूनच ती तुला पाठवायचा धीर होत नाही. बघितलीस तर हात ठणठणीत आहे यावर तुझाही विश्वास बसेल. मी रविवारी येतोय, सोमवारी आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ. दाजींना अजून काही बोललो नाहीये. आता हे पत्र खाली ठेव, डावा हात मांडीवर ठेव आणि जरा वेळ खिडकीबाहेर बघत बस, मग हाताकडे बघ. बोटांत माती असली तर लगेच फोन कर आणि मला मनसोक्त शिव्या घाल. मी फोन हातात घेऊनच बसलोय.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,
तुझाच ढेकूळ