बर्फात गुंडूला कोण धरणार?

३ डिसेंबर

बर्फात जायचंय म्हणे!

चिरंजीवांनी जेवताना जाहीर केलं. बर्फाचा डोंगर, पायाला फळ्या बांधायच्या नि घसरत खाली यायचं. एवढ्यासाठी माणसं विमानानं जातात. आमच्या लहानपणी घसरलं की वर पाठीत धपाटा मिळायचा.

"आई, तूही चल. तेवढाच हवापालट."

या घरात माझा हवापालट निघाला की समजावं, कुठंतरी हातांची गरज पडलीय. नातू आमचा, गुंडू, आठ महिन्यांचा. त्याच्या पायाला फळ्या बांधता येत नाहीत. मग तो कुणाच्या मांडीवर? शाळा चौथीत सुटली माझी, पण एवढं गणित येतं.

म्हटलं, येते. गुंडूला धरते. पण एक दिवस माझा. त्या दिवशी मी रोपवेच्या पाळण्यात बसून वर जाणार.

"वर जाऊन करणार काय तू?"

"तुम्ही काय करता? वर जाता नि परत खाली येता. मीही तेच करीन, फक्त हाडं शाबूत ठेवून."

सून म्हणाली, "बघू ना, आई."

बघू म्हणजे नाही! मी सासू आहे, मला नका शिकवू.

५ डिसेंबर

डोंगराचा नकाशा आला. त्यावर रंगीत रेघा. हिरवी शिकाऊ लोकांची, मग निळी, मग लाल, नि काळी म्हणजे सरळ कडेलोट. चिरंजीव काळीवरून उतरणार! मागच्या महिन्यात बाथरूममध्ये साबणावरून आडवे झाले, तेव्हा "आई गं" करून अख्खी इमारत गोळा केली होती.

७ डिसेंबर

खरेदी झाली. गोधडी फाडून शिवल्यासारख्या विजारी. चिरंजीव त्यातली एक घालून हॉलच्या मधोमध गुडघे वाकवून उभे. सराव चाललाय म्हणे.

म्हटलं, "होतंय का रे, की एरंडेल देऊ?"

सून ओट्याकडे तोंड करून हसली. किती दिवसांनी! तिची विजार अजून पिशवीतच आहे. "घालून नाही बघितलीस?" विचारलं, तर म्हणाली, "बघेन नंतर."

९ डिसेंबर

सुनेनं टॅबवर एक गंमत लावून दिली. त्या गावात कॅमेरा बसवलाय, दिवसभर चालू, ज्याला बघायचं त्यानं बघावं. गुंडूला भरवायला बरं. तो तोंड उघडं टाकून बघतो, मी चमचा सारते.

मग मीही बघायला लागले.

पाळणे म्हणजे काचेच्या खोल्या, तारेला लटकलेल्या. खाली एक नारिंगी कोटवाला, तो दारातलं बर्फ खराट्यानं झाडतो. खराट्यानं! एवढी यंत्रं लावली नि शेवटी खराटाच. त्याच्यामागून एक बाई येते, कमरेवर हात ठेवून बोलत राहते, तो मान वर करत नाही. आवाज येत नाही, पण बायको आहे. पैज लावते.

आणि पडणारे! एक जाडे गृहस्थ पडले, त्यांना उठवायला आलेली पडली, मग दोघांना उठवायला आलेला पडला. गुंडू खदखदून हसला. माझंच रक्त.

१२ डिसेंबर

सापडल्या! दोन म्हाताऱ्या, माझ्याच वयाच्या. पायात फळ्या नाहीत, हातात पिशवी. पाळण्यात बसल्या नि गेल्या वर. मी टॅब सोडला नाही. दुपारी उतरल्या, नाकं लाल, एकमेकींना टाळ्या देत. सुनेला हाताला धरून आणलं, दाखवलं. तिनं शोधाशोध केली.

"हो की, आई. नुसतं वर जाऊन यायचं तिकीट मिळतं तिथं."

आता म्हण बघू!

१३ डिसेंबर

धुकं. कॅमेऱ्यात पांढरी भिंत. गुंडूला दात येतायत, आज घरात तोच एकटा बोलतोय.

१८ डिसेंबर

नाक कापलं गेलं.

चिरंजीवांना कौतुकानं हाक मारली, ये, तुला आपला नारिंगी कोटवाला दाखवते. तर म्हणतो कसा, "आई, हे आपलं गाव नाहीच! हे डोंगराच्या पलीकडचं!"

डोंगर एक, बाजू दोन, गावं दोन. सुनेनं कॅमेऱ्यांच्या यादीतला पहिला दाबला, तो निघाला पलीकडचा. मी इतके दिवस परक्यांच्या दारात डोकावत होते! चिरंजीव पोट धरधरून हसले. मीही हसले. मग विचारलं, "आपल्याकडचा पाळणा दाखव."

आपल्याकडे पाळणा नाही. उघड्या खुर्च्या आहेत. पायाला फळ्या असतील तरच बसायचं, नि वर पोचलं की खुर्ची थांबत नाही, उडी मारून घसरायला लागायचं.

"मग माझा दिवस?"

"खोलीला मोठी खिडकी आहे, आई. सगळं दिसतं."

खिडकी! ती तर मला इथंही आहे.

१९ डिसेंबर

सांगून टाकलं, मी येत नाही.

"आई, तिकिटं काढलीत!"

"मग माझ्या जागेवर गुंडूला बसव."

"अगं, पण तिथं त्याला धरणार कोण?"

आलं ना तोंडातून! हवापालट गेला उडत.

"मी धरणार," सून म्हणाली. आवाज न चढवता. "आई नाही आल्या तर मीच. दुसरं कोण? तुला घसरायचंय का, असं मला विचारलंस कधी?"

"तू कधी बोलली नाहीस!"

"तू काळी, लाल, निळी यातून थांबलास कधी?"

उठली नि कढई घासायला लागली. स्वच्छ होती कढई.

मला वाटायचं, ती दोघं एकीकडे नि मी एकीकडे. कसलं काय! खिडकी एक नि तिच्यापाशी बसायला आम्ही दोघी.

२१ डिसेंबर

सुनेनं बस शोधून काढली. आपल्या गावाहून पलीकडच्या गावाला, घाटातून. "आई, आपण दोघी जाऊ. तुम्ही पाळण्यात बसा, मी हिरवीवर शिकते."

"आणि गुंडू?"

दोघींनी चिरंजीवांकडे बघितलं. मूत्रपिंड मागितल्यासारखा चेहरा.

"माझा एक दिवस फुकट जाईल ना!"

"आमचे गेलेले सांगत बसू का?" सून म्हणाली. वा! ही माझ्याकडून शिकली की माझ्यामुळे, कोण जाणे.

ठरलं काहीच नाही. तिघांची तोंडं फुगलेली. मी बजावलंय, ठरल्याशिवाय माझा एक मोजाही बॅगेत जाणार नाही.

२३ डिसेंबर

चिरंजीव शिकवणीला गेले. एका मोठ्या दुकानात आत बनावट बर्फाचा उतार केलाय, तिथं. जाताना शीळ घालत गेले. येताना शीळ नाही.

"कसं झालं रे?"

"मस्त."

मस्त, नि जेवला उभ्यानं.

२४ डिसेंबर

सून आंघोळीला गेली तसा माझ्याजवळ आला. "आई, गुंडूला मीच सांभाळतो. सगळे दिवस. तुम्ही दोघी जा खुशाल."

कपाळाला हात लावून बघितलं. ताप नव्हता.

"काल मला उभंच राहता आलं नाही गं. एवढीएवढी पोरं बाजूनं सूं करून जात होती. मला भीती वाटते. हिला सांगू नकोस."

नाही सांगितलं. सुनेला एवढंच म्हटलं, नवऱ्याला उपरती झालीय, लगेच हो म्हण, कारण विचारू नकोस.