कायम चार्जिंगला

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी, पूजा आटोपून.

(डायरीत शुक्रवार छापलाय. डायरी गेल्या वर्षीची, कोरीच राहिली होती. वार खोडून लिहीत जाईन. कोरा कागद टाकून देणं माझ्याच्याने होत नाही.)

आजपासून घरात सर्व्हिस सुरू. सूनबाईच्या कंपनीत असल्या सर्व्हिस डिझाइन करतात. ट्रायलला तिला महिनाभर एक घर हवं होतं. म्हटलं, बाहेर कशाला शोधतेस, आपलंच घे. सगळ्यांच्या फोनवर ॲप टाकलं. मला फोन परवडत नाही असं नाही, पण लागतो कशाला? माझ्यासाठी स्वयंपाकघरात ओट्याजवळ जुना टॅब लावला. त्याची बॅटरी टिकत नाही म्हणून तो कायम चार्जिंगला.

सूनबाईने समजावून सांगितलं. फोन फिरते असतात, यंत्रं दहा ठिकाणी विखुरलेली. कुणाची रेंज जाते, कुणाची बॅटरी संपते. तरी काम अडता कामा नये. जिथे जसं असेल तसं सर्व्हिसने स्वतःला बदलून घ्यायचं आणि वर कुणाला कळूही द्यायचं नाही.

मी म्हटलं, म्हणजे सासर.

ती खूप हसली. मग हसायची थांबली आणि ते लिहून घेतलं.

माझा बेत वेगळाच आहे. धाकटी बहीण तीस तारखेला लेकीकडे परदेशी निघाली, कायमची. त्याआधी "आठ-दहा दिवस माझ्याकडे ये" म्हणते. तीन वर्षं मी "घरचं जरा मार्गी लागलं की येते" म्हणतेय. आता कामं चौघांत वाटली जातील आणि मी वीस तारखेला निघेन. ठरलं म्हणजे ठरलं. देवालाही सांगून ठेवलंय.

३ नोव्हेंबर

सूनबाई म्हणाली, "आई, नियम तुम्हीच सांगा. घर तुम्हाला माहीत." म्हणजे डिझाइनची सल्लागार मीच. मॅट्रिकला गणितात माझे गुण शाळेत दुसरे होते. पुढे शिकले असते तर आज हीच कंपनी माझी असती.

विजेच्या बिलाच्या पाठीवर नियम लिहून दिले. कुणीतरी 'हो' दाबेपर्यंत घंटा वाजत राहावी. जो कामाजवळ असेल त्याला आधी विचारावं. ज्याची बॅटरी कमी त्याला छळू नये, माणसांच्या बाबतीतही आपण तेच करतो. बाहेरचं काम बाहेर जाणाऱ्यालाच द्यावं, आणि एका फेरीत जमतील तितकी कामं त्याच्या गळ्यात घालावीत. दोनदा भाडं कशाला?

'नाही'च्या बटणावरून थोडं वाजलं. तिने ते 'हो'च्या शेजारी, तेवढंच मोठं ठेवलं होतं! म्हटलं, हे असं समोर दिसलं तर या घरात प्यायचं पाणीसुद्धा कुणी भरणार नाही. आत कुठेतरी टाक. दाबलंच कुणी तर कारण लिहायला लाव, आणि मंजुरी माझ्याकडून घ्यायची.

"आई, माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे," म्हणाली.

म्हटलं, बाहेरच्या माणसांना येऊ दे. आपल्याकडे नको.

५ नोव्हेंबर

यश! घंटा वाजली, 'कचरा खाली नेणे', आणि हे खुर्चीतून उठले. स्वतःहून. चिरंजीवांनी वाळलेले कपडे घडी केले (म्हणजे गुंडाळले, पण केले). सूनबाईने रात्रीची भांडी घासली. मी काहीच करत नव्हते, त्यामुळे हात कुठे ठेवावेत कळेना. देवापुढे बसले तर डोळे भरून आले.

धाकटीला टॅबवरून फोन केला (सर्व्हिसमधून तोही होतो), वीसला येतेच. ती म्हणाली, "ताई, तारीख लिहून घेऊ की नुसती ऐकून घेऊ?" तिला सवयच आहे टोमणे मारायची. लिहून घे म्हटलं.

९ नोव्हेंबर

यांचा फोन खाली जिन्यातल्या टपालपेटीत सापडला. हे म्हणतात, "अगं, तिथे रेंज फार छान येते." असेल.

चिरंजीवांची बॅटरी सदा शेवटच्या घटकेला आलेली. फोन जुना झाला म्हणतात. भर दुपारी फोनचा टॉर्च लावून बसले होते. विचारलं तर म्हणाले, "आई, काहीतरी शोधतोय."

सूनबाई मीटिंगमध्ये. मग सर्व्हिस बिचारी जवळचा आणि चार्ज असलेला कोण ते बघते. तो टॅब. टॅबसमोर मी. 'हो' दाबलं. फक्त आजच्यापुरतं.

१३ नोव्हेंबर

घंटा नेमकी जपात वाजते. एकशे आठ मणी एका बैठकीत होत नाहीत. उपाय शोधलाय: वाचत बसायचंच नाही, वाजली की 'हो'. घंटा वाचते, वीज वाचते, डोळे वाचतात.

एक अभिमानाची गोष्ट. सर्व्हिस माणसांच्या सवयी बघून शिकते, आणि आता ती प्रत्येक कामाला आधी मलाच विचारते! इतकी वर्षं या घरात जे कुणाच्या लक्षात आलं नाही ते यंत्राच्या दोन आठवड्यांत आलं. हे म्हणाले, "चला, मशीनलाही घरातलं वरिष्ठ कोण ते कळलं." क्वचित बोलतात, पण बोलले की मोजकं बोलतात.

सूनबाईचा चेहरा मात्र उतरलेला. "आई, तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता. मग ती दुसऱ्यांना विचारायचंच सोडून देते." म्हटलं, अगं नवीन आहे ती, रुळेल. मीही रुळलेच की.

१७ नोव्हेंबर

निघायचं वीसऐवजी बावीसला. पडदे धुवायचे राहिलेत. मळके पडदे मागे ठेवून गेले तर तिथे जीव लागणार नाही. धाकटीला कळवलं. ती "बरं" म्हणाली. नुसतं "बरं".

म्हणून आज पक्का बंदोबस्त केला. सर्व्हिसमध्ये स्वतः, एका बोटाने टाइप करून काम घातलं: 'धाकटीकडे जाणे, आठ दिवस, तिची बांधाबांध करणे, तिला विमानावर पोचवणे.' आता हे घरचं अधिकृत काम झालं. कुणी मोडू शकणार नाही, मीसुद्धा नाही. उत्तर आलं: 'योग्य वेळी योग्य व्यक्तीला विचारले जाईल.' किती अदबीने बोलते! घरात कुणी इतकं अदबीने बोलत नाही.

२१ नोव्हेंबर

हे बॅग भरतायत.

झालं असं. यांच्या पेन्शनच्या कागदावर सही करायला धाकटीच्या गावच्या ऑफिसात जायचं होतं. सर्व्हिसने यांना विचारलं, 'त्याच बाजूला आणखी एक काम आहे. कराल?' यांनी 'हो' दाबलं. त्या कचऱ्यानंतरचं पहिलंच. नेमका तेव्हाच फोन टपालपेटीबाहेर होता.

मी म्हटलं, अहो, ते माझं होतं. तर म्हणाले, "मला काय माहीत? मशीनने सांगितलं, आता मी कोण मोडणारा? नियम तूच केलेस ना?"

नियम मीच केले. आणि नियम बरोबरच आहे, एक भाडं वाचलं. यांचे शर्ट इस्त्री करून दिले. धाकटीसाठी विणलेली शाल बॅगेत तळाशी घातली. उशी समजून टेकू नका, एवढं बजावलंय.

२२ नोव्हेंबर

सकाळी हे गेले. त्यांच्या वाट्याची कामं, कागदोपत्री दिवसाला दीड असायची, ती सर्व्हिसने आपोआप माझ्याकडे वळवली. एक सेकंदही काही अडलं नाही. मानलं.

सूनबाई स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, संध्याकाळच्या गाडीचं तिकीट मी काढते. तुम्ही आत्ताच्या आत्ता सगळ्या कामांना नाही दाबा. आमचं आम्ही बघतो. उपाशी मरत नाही." चिरंजीवही म्हणाले, "जा ना आई." (बॅटरी तीन टक्के.)

मन पालटलं. खरंच. 'नाही' शोधायला बसले. टॅबच्या एका पडद्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, तिथे तळाला मुंगीएवढं. फारच छान लपवलंय. दाबलं. कारण विचारलं. लिहिलं, 'बहीण.'

आणि टॅबवर घंटा वाजली. मंजुरीसाठी अर्ज आलाय. अर्जदार मी. मंजुरी देणारी मी.

निःपक्षपातीपणे विचार केला. आज 'बहीण' चालवून घेतलं तर उद्या हे 'मित्र' लिहितील, चिरंजीव 'मॅच' लिहितील. घरच्या मोठ्या माणसानेच स्वतःसाठी वाकवला तर नियम राहिला कुठे? शिवाय पडदे अजून ओले.

नामंजूर केलं.

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. मग खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिला भरून आलं असावं.

२७ नोव्हेंबर

धाकटीकडून व्हिडिओवर फोन. हे मागे बसलेले, गाल वर आलेत. यांनी तिला विचारलं म्हणे, "इथे घंटा वाजत नाही का गं?"

धाकटीने फोन फिरवून एक खोली दाखवली. खिडकीजवळ पलंग, दोन उशा, टेबलावर माझ्यासाठी कोरी वही. पलंगावर यांचे मोजे. "ताई, ही तुझ्यासाठी लावली होती..." आणि रेंज गेली.

पण सर्व्हिस डगमगली नाही! आधी चित्र गेलं, आवाज राहिला. आवाज तुटायला लागला तर नुसती अक्षरं आली. सूनबाईने पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. मिळेल तेवढ्यात भागवायचं, पण धागा तुटू द्यायचा नाही. अक्षरं आली ती अशी: 'जेवलीस का'.

मी 'हो' लिहिलं. जेवायचं होतं अजून. पण हात 'हो'वरच गेला.

३० नोव्हेंबर, रविवार

ट्रायलचा शेवटचा दिवस. धाकटीचं विमान दुपारचं. हे पोचवायला गेलेत. निघण्यापूर्वी तिचा फोन येणार होता, म्हणून सकाळपासून टॅबपासून हलले नाही. आज तिला मनातलं सगळं सांगायचं ठरवलं होतं. काय काय ते इथे लिहीत नाही, तिलाच सांगणार होते.

भांड्यांना साबण लागलेला, हात ओले, आणि टॅब वाजला. पुसून दाबेपर्यंत बंद पडेल या भीतीने कोपराने 'हो' दाबलं.

तो तिचा फोन नव्हता. सर्व्हिस होती. 'ट्रायल पूर्ण झाली. घरातील कामांची घडी उत्तम बसली आहे. हीच व्यवस्था कायम ठेवायची?' हे मी नंतर वाचलं. खाली लिहून आलं, 'धन्यवाद. कायम केली आहे.'

त्या गडबडीत खरा फोन येऊन गेला. मागे नुसती अक्षरं राहिली: 'ताई, निघाले. शाल अंगावर आहे.'

आता कायम केलेलं रद्द करायचं तर 'नाही' दाबायला हवं. ते कुठे आहे हे या घरात फक्त मला माहीत आहे. तिसऱ्या पडद्याच्या तळाला. मंजुरीही माझीच. म्हणजे काही अवघड नाही.

बघते उद्या. घंटा वाजतेय.