कादंबरीतला मी

सालेकसा, ५ जाने. १९३६
तिसरं प्रकरण झालं. त्यातला 'मी' तापात पडलेल्या बायकोनं पाणी मागितलेलं ऐकतो आणि झोपेचं सोंग घेतो. 'मी'च्या जागी 'तो' घालून पाहिलं, पार मेंगळट झालं. 'मी'च राहणार.
माझी सगुणा तापानं जाऊन दहा महिने झाले. पुढल्या रविवारी पोरीला, चंद्रीला, आजोळाहून आणायचं. घर खायला उठतं.

१२ जाने.
कामठ्याला गेलो. सासऱ्यांनी विचारलं, काय लिहून राहिले सध्या. माझी जीभ वळवळली, तिसरं प्रकरण वाचून दाखवलं. अक्कल गहाण ठेवली होती. वाचून झाल्यावर सासूबाई उठून आत गेल्या.
सासरे : "माही पोरगी पानी मांगत होती, अन् तुमी आयकून पडून राह्यले?"
म्हटलं, मामाजी, ही कादंबरी आहे. रचलेलं आहे.
"साऱ्या गावाचे अर्ज तुमीच लिवता. 'मी अमुक, लिहून देतो की.' त्याच्यात कोनी खोटं लिवते का? खाली अंगठा रायते."
यांनी कागदावरचा 'मी' फक्त अंगठ्याच्या वरच पाहिलाय. मास्तर असून हे मला सुचू नये. चंद्रीला दिलं नाही. एकटाच परतलो.

२० जाने.
श्रावण, धाकटा मेहुणा, शाळेत आला. चंद्रीचा निरोप : "बाबाले विचार, मायले पानी काऊन नाही देलं." पाच वर्षांची पोर.
दिलं होतं. चमच्यानं, चार दिवस. फक्त चौथ्या दिवशी मनात आलं, आता सुटली तर बरं. एकदाच आलं. प्रकरण त्यातूनच निघालं. लाज वाटते.

कामठा, २६ जाने.
सासऱ्यांचा तोडगा : खरं काय ते लिहून द्या, पाटलासमोर वाचा, पोरगी न्या. चंद्री गाठोडं मांडीवर घेऊन शेजारी बसलीय.
लिहिलं : मी लिहून देतो की, सगुणाला शेवटपर्यंत पाणी मी दिलं.
"पुढं लिवा, तिचं वाईट कधी मनातबी आनलं नाही." एवढं सांगून ते पाटलाला बोलवायला गेले.
टाक तीनदा बुडवला. कादंबरीत धडधडीत खोटं लिहिताना हात अडला नव्हता. इथं एक ओळ होत नाही. कागद बाजूला सारून ही वही काढली.
अंगणात पाटलाचा आवाज आला. चंद्री विचारते आहे, "झालं का बाबा लिवून?"