'शेवटची शिट्टी' ही मालिका धरून माझ्या सर्व चीजवस्तूंबाबत

मी, आक्काताई जोतीराम इंगवले, वय एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय सांगते आहे. माझी भाची श्रुती ते लिहून घेते आहे, कारण साखरेने माझे दोन्ही डोळे नेले. बुद्धी मात्र जागेवर आहे. डॉ. प्रसेनजीत कांबळे यांनी मला तपासून तसा दाखला जोडला आहे. ते चौथीत माझ्याच वर्गात होते, तेव्हा खोटे लिहायची त्यांची छाती नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करण्यासारखे काही नाही, असे वकिलांनी घालायला सांगितले होते. ते मी घातलेले नाही. एक गोष्ट रद्द करायची आहे, ती शेवटी सांगते.

१. राहते घर, म्हणजे पुढचा सोपा, खालच्या दोन खोल्या आणि वरची माडी, चिरंजीव सूरज यास मिळावे. श्रुतीचे लग्न होईपर्यंत खालची एक खोली तिची राहील. सुनेने मला पुण्याहून परत धाडले असे गल्लीत बोलतात, ते साफ खोटे आहे. मलाच तिथे करमले नाही. दार उघडले तरी समोरची बाई बोलत नाही, असल्या ठिकाणी राहायचे कसे?

२. पोस्टात आणि बँकेत जे असेल त्यातून माझे दिवसकार्य साधेपणाने करावे. उरेल ते श्रुतीचे.

३. पितळी घंगाळ माझी नणंद धोंडुबाई, मुक्काम कुरुंदवाड, हिला पोचते करावे. ते तिच्या आईचे आहे आणि तिलाच मिळायला हवे होते. तिची मागायची पद्धत मला आवडली नाही, एवढ्यासाठी ते इतकी वर्षे आमच्या न्हाणीत राहिले.

४. आमचे हे पेठेत शिंप्याचे दुकान चालवीत. शिलाई मशीन, मोठी कातर आणि इस्त्री प्रीतीला द्यावी. ती ह्यांच्या हाताखाली शिवण शिकली. गरज पडली तर तिने मशीन विकले तरी माझी हरकत नाही, पण चादर टाकून झाकून ठेवू नये.

५. टीव्ही केबलवाला बंडू यास द्यावा. याचे कारण सविस्तर सांगणे भाग आहे, नाहीतर म्हातारीला चळ लागला असे म्हणतील.

सन २००३ मध्ये दर गुरुवारी संध्याकाळी 'शेवटची शिट्टी' नावाची फुटबॉलवरची मालिका लागायची. एका पेठेचा संघ आणि त्याचा रंगा नावाचा गोलकीपर, अशी गोष्ट. आमचे हे तरुणपणी पेठेच्या तालमीच्या संघाचे गोलकीपर होते, त्यामुळे आम्ही जेवणे उरकून पुढ्यात बसायचो. पहिले पर्व चोख होते. हरलेला सामना हरलेलाच राहायचा आणि दुखावलेला गुडघा पुढच्या आठवड्यातही दुखायचा.

त्यानंतर माझी दृष्टी गेली. मी बोलणे टाकले, जेवण टाकले, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. २००५ च्या सुरुवातीला दुसरे पर्व सुरू झाले तेव्हा निदान ऐकू म्हणून उठून बसले. आणि ऐकायला काय मिळाले? कप्तानाची स्मृती गेली. रंगाचा मोडलेला हात जाहिराती संपेपर्यंत बरा झाला. संघाच्या मालकाची मुलगी तिघांच्या प्रेमात पडली, आणि सामना कोणाशी आहे हे सांगायचेच राहून गेले. जन्मभर पोरांचे निबंध तपासलेली बाई मी. संतापले. इतक्या दिवसांनी माझा आवाज चढलेला ह्यांनी ऐकला.

चौथ्या गुरुवारी मालिका लागलीच नाही. हे म्हणाले, "बंड्यानं ते चॅनलच काढलंय. तालमीत डिशची छत्री हाय, मी तिथं बघून येतो आणि तुला सांगतो." तालमीत बायका जात नाहीत. तेव्हापासून दर गुरुवारी हे तालमीत जायचे आणि परत आल्यावर पलंगाच्या कडेला बसून सगळा भाग सांगायचे. बंडू महिन्याला पैसे न्यायला आला की मी त्याला उंबऱ्यात उभा करून नाही नाही ते बोलायचे. "चुकलं की, बाई," एवढेच म्हणून तो गरीब जायचा.

मी ह्यांना वाक्यावाक्याला अडवायचे. रंगाची आई मागच्या भागात आजारी होती, तिचे पुढे काय झाले? पावसात सामना झाला तर चेंडू इतका उडाला कसा? आणि प्रत्येक भागात तो एक शिंपी कशाला येतो?

"मग जर्सी कोण शिवणार?" हे म्हणायचे.

गंमत अशी की मी काढलेली चूक पुढच्या गुरुवारी दुरुस्त झालेली असायची. आई बरी व्हायची, चेंडू चिखलात रुतायचा. मला वाटायचे, वाहिनीवाल्यांना उशिरा का होईना अक्कल येते आहे.

त्यात रंगाची बायको दाखवली होती. तीही मास्तरीण. नवरा जिंकून आला तरी त्याच्या बोलण्यातल्या चुका काढायची. मी एकदा म्हणाले, "एवढी कजाग बाई कुठं असतीया का? ह्या लेखकाला बायकांच्या मनातलं काही कळत न्हाय." हे ठसका लागेपर्यंत हसले. मीही हसले.

फेब्रुवारी २००६ मधल्या एका गुरुवारी सामना पेनल्टीवर आला. रंगा गोलात उभा राहिला आणि प्रेक्षकांत पुन्हा तो शिंपी. माझे डोके उठले. मी म्हणाले, "पुरे करा आता. राहिलेलं पुढच्या गुरुवारी ऐकीन."

"अगं, एवढा शेवट ऐकून घे की. आज संपतंय बघ."

"नको म्हणते ना."

"बरं, बाई म्हणतील तसं," असे म्हणून ह्यांनी माझ्या पायांवर पांघरूण घातले. पुढच्या बुधवारी दुकानात मशीनवर बसल्या जागी हे गेले.

दिवस झाल्यावर तालमीतले ह्यांचे जोडीदार आण्णा चौगुले भेटायला आले. मी लाज सोडून त्यांना विचारले की रंगाने ती पेनल्टी अडवली का. आण्णांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "वहिनी, ती मालिका कवाच बंद पडली. तीन भाग लागलं आणि चॅनलवाल्यांनी गुंडाळली. जोती दर गुरुवारी तालमीच्या पायरीवर बसून मनानंच जुळवायचा. बंड्याला आणि गल्लीला त्यानं सांगून ठेवलं व्हतं, बाईला कळाय नको म्हणून."

मी विचारले, शेवट तुम्हाला तरी सांगितला होता का?

"विचारलं मी. तर म्हणाला, आधी बाईला सांगतो."

म्हणून टीव्ही बंडूला. पोराने वर्षभर माझे बोलणे खाल्ले आणि चॅनल काढल्याचा आळ आपल्या अंगावर घेतला.

६. ह्यांनी स्वतः शिवलेले गोलकीपरचे हातमोजे माझ्या कपाटात आहेत. आत जुन्या कांबळ्याचा तुकडा, वर कातडे. ते तालमीला द्यावेत. काचेत ठेवून हार घालू नये. ज्या पोराला गोलात उभे राहायचे असेल त्याला हात घालून बघू द्यावे.

७. आता रद्द करायचे ते. 'शेवटची शिट्टी'च्या दुसऱ्या पर्वाविषयी, म्हणजे तालमीच्या पायरीवर जुळवलेल्या पर्वाविषयी, मी आजवर जे जे बोलले ते सर्व या लेखाने रद्द समजावे. शिंपी प्रत्येक भागात हवाच होता. रंगाची बायको हुबेहूब होती. त्या लेखकाला माझ्या मनातले माझ्यापेक्षा जास्त कळत होते, आणि मी एकदाही बरे म्हटले नाही. याचे मला फार वाईट वाटते. वाहिनीवर लागलेल्या तीन भागांविषयी जे बोलले ते मात्र कायम आहे.

श्रुती लिहिता लिहिता म्हणाली, "आत्ती, शेवट तूच जुळव की. अडवला म्हण रंगानं." मी नको म्हटले. तो शेवट दुसऱ्याच्या मालकीचा आहे, मला तो कोणाच्या नावे करता येत नाही. वर गेल्यावर गाठ पडते असे म्हणतात. पडली, तर पेनल्टीपासून पुढचे सगळे ऐकून घेईन. मधे बोलणार नाही.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सही रेघेवर बसत नाही, म्हणून अंगठा करते आहे. मास्तरीण असून अंगठा केला याचे कोणी हसू करू नये.

आक्काताई जोतीराम इंगवले
(अंगठा)

लिहून घेणार : श्रुती

आमच्या समक्ष अंगठा केला :
१. कृष्णात ऊर्फ आण्णा चौगुले, मंगळवार पेठ
२. डॉ. प्रसेनजीत कांबळे, गडमुडशिंगी

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : २१ फेब्रुवारी २००८, गुरुवार, संध्याकाळ